मांगलीची कवटी आणि आमची विहीर

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)

मी तामलवाडीचा. सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत आमचं गाव लागतं. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरकडून पायी निघालेले भाविक आमच्या गावावरूनच पुढे जातात. बाकी आमच्याकडे सांगण्यासारखं म्हणजे काळा दगड, ज्वारी आणि पावसाची वाट पाहणं. मी कविता लिहितो. बी.ए. झालो, तेही भाषा घेऊन. तेव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या अजस्र उभयचर प्राण्यांवर हा माणूस काय बोलणार, असं तुमच्या मनात येणं साहजिक आहे.

त्याला कारण एक मुलगी. मागे एका उन्हाळ्यात आमच्या जुन्या विहिरीतला गाळ काढायचं काम चाललं होतं. भावाची नात काठावर बसून पाहत होती. सातवीत शिकणारी पोर. तिनं मला विचारलं, ‘‘दादा, पूर्वी मगरीएवढे बेडूक होते म्हणे. आपल्या विहिरीत त्यांचं एखादं हाड सापडेल का?’’

गाळ काढणारी माणसं हसली. मीही हसलो असतो, पण तिचा चेहरा गंभीर होता. मी म्हणालो, ‘‘शोधतो आणि सांगतो.’’ त्यानंतर बरेच दिवस मी वाचत राहिलो, जाणकारांना विचारत राहिलो. तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो आहे.

बेडूक नव्हेत

आधी एक शब्द दुरुस्त करू. हे प्राणी बेडूक नव्हते. बेडकाला शेपूट नसते, यांना चांगली लांब आणि जाड शेपूट होती. बेडकाचे मागचे पाय उडीसाठी लांब असतात, यांचे पाय आखूड आणि दुबळे. डोकं मात्र शरीराच्या मानानं अवाढव्य आणि ताटासारखं चपटं. लांबून पाहिलं तर मगरच वाटावी. पण मगर हा सरपटणारा प्राणी आहे. तिचं अंडं कवचाचं, ते ती कोरड्या जमिनीवर घालते. हे प्राणी उभयचर होते. बेडकासारखंच यांचंही अंडं बिनकवचाचं, पाण्याशिवाय न टिकणारं. युरोपात काही ठिकाणी या गटातल्या प्राण्यांची पिल्लं दगडात सापडली आहेत. त्यांच्या मानेशी झुबक्यासारख्या बाहेर आलेल्या कल्ल्यांचे ठसेसुद्धा उमटलेले दिसतात.

शास्त्रज्ञ या गटाला ‘टेम्नोस्पॉन्डिल’ म्हणतात. ग्रीक भाषेतला हा शब्द. अर्थ, ‘ज्याचा मणका तुकड्यातुकड्यांचा आहे तो.’ जुन्या पुस्तकांत त्यांचं नाव ‘लॅबिरिंथोडॉन्ट’ असं आढळतं. म्हणजे चक्रव्यूहासारख्या दातांचा. यांचा दात आडवा कापून भिंगाखाली पाहिला, तर आतल्या थराच्या वळ्यांवर वळ्या दिसतात. वाट आत जाते, वळते, पुन्हा मागे येते. एखाद्या किल्ल्यातल्या भूलभुलैयासारखी.

या गटाचा काळ ऐकला की माणसाचा गर्व उतरतो. सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी दिसू लागले आणि शेवटचे सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वी संपले. म्हणजे वीस कोटी वर्षांहून अधिक काळ ते पृथ्वीच्या नद्या-तळ्यांत राहिले. इतका काळ डायनोसॉरांनाही मिळाला नाही. आपण माणसं कशीबशी तीन लाख वर्षांची.

सगळेच काही अजस्र नव्हते. काही पालीएवढे होते. पण ब्राझीलमधल्या ‘प्रायोनोसुकस’ची लांबी नऊ मीटरपर्यंत असावी असा अंदाज केला गेला आहे. जर्मनीतल्या ‘मॅस्टोडोनसॉरस’ची कवटीच सव्वा मीटरपर्यंत भरते. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन सुळे एवढे मोठे की तोंड मिटल्यावर ते वरच्या जबड्यातल्या भोकांतून बाहेर येत. २०२४ साली नामिबियातून ‘गायेशिया’ नावाच्या अशाच एका मोठ्या डोक्याच्या, दलदलीत दबा धरून बसणाऱ्या प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. तो या गटाहूनही जुन्या वळणाचा, २८ कोटी वर्षांपूर्वीचा.

नागपूरचे दोन पाद्री

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. नागपूरच्या दक्षिणेला सुमारे साठ मैलांवर, वर्धा नदीच्या खोऱ्यात मांगली नावाचं गाव आहे. तिथे तांबूस रंगाचा वालुकामय दगड आहे. नागपुरात १८४५ साली स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश पाद्री आले. शाळा चालवावी, धर्मोपदेश करावा हे त्यांचं काम. पण त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना दगड वाचायची आवड होती. फिरतीवर असताना दोघं वाटेतले खडक पाहत, फोडत, नोंदी करत. मांगलीच्या दगडातून मिळालेली एक कवटी त्यांनी लंडनला पाठवली.

तिथे रिचर्ड ओवेन यांनी ती तपासली. ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्यांनी १८४२ साली घडवला, तेच हे ओवेन. १८५५ साली त्यांनी मांगलीच्या कवटीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव दिलं ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’. आखूड चेहऱ्याचा आणि रुंद डोक्याचा. त्या काळी उभयचर आणि सरपटणारे असा भेद आजच्यासारखा काटेकोर नव्हता. ओवेन यांनी त्याला सरपटणाऱ्यांतच धरलं. पुढे त्याची जागा बदलली.

ही कवटी फार मोठी नाही. दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढी. पण मान पाहा. आज ऑस्ट्रेलियात किंवा दक्षिण आफ्रिकेत अशा आखूड चेहऱ्याचं जनावर सापडलं, तर त्याच्या कुळाला ‘ब्रॅकिऑपिड’ म्हणतात. कुळाचं नाव विदर्भातल्या एका खेड्याच्या दगडावरून पडलेलं आहे. या कुळाचे जवळचे नातेवाईक खरोखर अजस्र झाले होते. आफ्रिकेतल्या लेसोथो देशात मिळालेल्या जबड्याच्या एका तुकड्यावरून तो प्राणी सात मीटर लांब असावा, असा अंदाज शास्त्रज्ञांनी बांधला आहे.

विदर्भातला प्राणी आणि आफ्रिका-ऑस्ट्रेलियातले त्याचे भाऊबंद, हे कसं जमलं? तर मांगलीचा दगड साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा मध्ये समुद्र नव्हता. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सगळे एकमेकांना चिकटलेले होते. नदीनाल्यातून, तळ्यातळ्यांतून त्यांच्या पिढ्या पसरत जाऊ शकत होत्या. पुढे जमीन फाटली आणि भाऊबंदांचे वाटे झाले.

हिस्लॉप यांचा शेवट चटका लावणारा आहे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची जुनी शिलावर्तुळं पाहून परतताना, पुराच्या नाल्यात ते बुडाले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आजही त्यांचं नाव सांगतं. मांगलीच्या कवटीची गोष्ट मात्र मला तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात भेटली नव्हती.

पाण्याखालचा संसार

आता खरा प्रश्न. नुसत्या हाडांवरून हे प्राणी पाण्यात कसे राहत, हे कळतं कसं?

पहिली खूण कवटीवरच असते. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांच्या आणि नाकपुड्यांच्या भोवती बारीक पन्हाळ्या कोरल्यासारख्या दिसतात. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेघ असते. त्या रेघेतल्या संवेदनांमुळे माशाला पाण्यातली हालचाल जाणवते. या पन्हाळ्या त्याच जातीच्या. गढूळ पाण्यात डोळ्याचा उपयोग नाही, तिथे पाण्याचा धक्का हीच बातमी. अशी व्यवस्था कोरड्यावर राहणाऱ्याच्या काय कामाची?

दुसरी खूण डोळ्यांची. ते कवटीच्या माथ्यावर, आभाळाकडे पाहणारे. तळाशी पडून राहायचं आणि वरून जाणाऱ्या माशावर नजर ठेवायची, हा यांचा उद्योग.

तिसरी खूण गळपट्टीच्या हाडांची. काही जातींत छातीवरची हाडं थाळीसारखी रुंद आणि जड आहेत. आपल्याला वाटतं, पोहणाऱ्याला वजन कशाला? पण ज्याला पोहायचं नसून तळाशी बसायचं आहे, त्याला वजनच हवं. पाणबुड्या कमरेला शिसं बांधतो ना, तसं.

आणि शिकार? ग्रीनलंडमध्ये मिळालेल्या ‘गेरोथोरॅक्स’ नावाच्या प्राण्याचा मानेचा सांधा २००८ साली तपासला गेला. असं दिसलं की हा प्राणी खालचा जबडा जमिनीला टेकवून ठेवी आणि वरचं अख्खं डोकं पेटीच्या झाकणासारखं उचली. तोंड एकदम उघडलं की पाणी आत ओढलं जातं आणि त्याबरोबर मासाही. मग झाकण बंद. आपल्या घरात पाल भिंतीवर तासन् तास निश्चल बसते आणि क्षणात किडा गिळते. तशीच ही चिकाटी, फक्त जनावर कितीतरी मोठं.

मांगलीच्या दगडानं आणखी एक साक्ष ठेवली आहे. त्यात तांदळाच्या दाण्यासारख्या छोट्या शिंपल्यांचे ठसे मिळाले. १८६२ साली रूपर्ट जोन्स यांनी त्याचं नाव ‘एस्थेरिया मांगलिएन्सिस’ असं ठेवलं. म्हणजे गावाचं नाव शिंपल्यातही आलं. हे शिंपले नव्हेत, कोळंबीचे दूरचे चुलते. त्यांचे आजचे वंशज पावसानं भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांत राहतात. डबकं आटलं तरी त्यांची अंडी धुळीत वाट पाहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. आमच्या भागात हे सांगावं लागत नाही. वाट पाहणं आम्हाला ठाऊक आहे.

तळं आटतं तेव्हा

मांगलीच्या दक्षिणेला, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात मालेरी हे गाव आहे. आज ते तेलंगणात आहे. एके काळी आमचा जिल्हा आणि मालेरीचा मुलूख दोन्ही निजामाच्या राज्यात होते. मालेरीचा तांबडा चिखल-दगड मांगलीहून दोन-तीन कोटी वर्षांनी अलीकडचा. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या भूवैज्ञानिकांनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. १९६५ साली तपन रॉयचौधुरी यांनी तिथल्या एका मोठ्या उभयचराचं वर्णन केलं. त्या जातीचं आजचं नाव ‘पँथासॉरस मालेरिएन्सिस’. या कुळातली जनावरं साधारण दोन ते तीन मीटर लांबीची असत. पुढे धूर्जटी सेनगुप्ता यांनी १९९५ साली वरच्या थरांतल्या दुसऱ्या कुळातल्या दोन जाती ओळखल्या. त्यांतल्या एकीच्या कवटीला मागे शिंगांसारखी टोकं होती. खालच्या थरात एक कुळ, वरच्या थरात दुसरं. पाणी तेच, मालक बदलले.

अशा प्राण्यांच्या हाडांची कागदासारखी पातळ चकती काढून पाहिली, तर झाडाच्या खोडासारख्या वाढीच्या रेषा दिसतात. चांगल्या दिवसांत हाड भराभर वाढलेलं, वाईट दिवसांत थांबलेलं. म्हणजे तेव्हाही पावसाळा होता आणि टंचाई होती. कोणत्या वर्षी पोट भरलं आणि कोणत्या वर्षी नाही, हे त्या जनावरानं हाडात लिहून ठेवलं.

जगात काही ठिकाणी यांची हाडं ढिगानं मिळतात. पोर्तुगालच्या दक्षिणेला अल्गार्व्ह भागात अशाच थरातून मिळालेल्या जातीचं वर्णन २०१५ साली झालं. तळं आटलं, पाणी आकसत गेलं, सगळी जनावरं उरलेल्या चिखलात गोळा झाली आणि तिथेच संपली, असा तिथला निष्कर्ष आहे. सगळे ढीग मात्र दुष्काळाचेच असतात असं नाही. अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध ढिगाची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ती हाडं पाण्यानं वाहून आणून टाकलेली असावीत असं दिसलं. शास्त्र असं पावलापावलानं स्वतःला दुरुस्त करतं, हे मला फार आवडलं.

पण तो आटणारा चिखल माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. १९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी अब्बांच्या तोंडून ऐकत मी वाढलो. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तर आपण सगळ्यांनीच पाहिलं. ज्याचे पाय दूर चालत जाण्याजोगे नाहीत, त्यानं तळं आटल्यावर काय करावं? ही पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची अडचण मला परकी वाटली नाही.

मोठे गेले, लहान राहिले

मग हे अजस्र प्राणी गेले कुठे? एका दिवसात गेले नाहीत. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवर मोठी उलथापालथ झाली, त्यात बहुतेक संपले. नंतर नद्यांत मगरींची कुळं वाढली. दबा धरण्याचा तोच धंदा मगर करू लागली, शिवाय तिची कातडी कोरडी सोसणारी आणि अंडी कवचाची. यांचा शेवटचा ज्ञात वारस ऑस्ट्रेलियातला ‘कूलासुकस’, सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा तो भाग दक्षिण ध्रुवाजवळ होता. तिथल्या थंडगार नद्यांत मगरीला राहता येत नव्हतं, म्हणून हा तिथे टिकला असावा.

आज जगातला सर्वांत मोठा उभयचर म्हणजे चीनचा महाकाय सॅलॅमँडर. पावणेदोन मीटरच्या आसपास वाढणारा. त्याच्या एका जुन्या नातेवाइकाची गंमत सांगतो. स्वित्झर्लंडचे शॉयख्झर नावाचे विद्वान होते. दगडातला एक सांगाडा पाहून १७२६ साली त्यांनी जाहीर केलं, की हा प्रलयात बुडून मेलेला माणूस. नूह पैगंबरांच्या तुफानाची गोष्ट आमच्या घरात आणि मनूच्या प्रलयाची गोष्ट शेजारच्या घरात ऐकतच मी मोठा झालो. तेव्हा त्या विद्वानाचं मन मला समजतं. पण १८११ साली कुव्हिए यांनी दाखवून दिलं, की तो माणूस नसून सॅलॅमँडर आहे. आणि त्याचा चीनमधला जिवंत नातेवाईक आज खवय्यांच्या ताटापायी नामशेष व्हायला आला आहे.

मोठे गेले, पण लहान राहिले. आजचे बेडूक त्या प्राचीन गटाच्याच छोट्या शाखेतून आले, असं अनेक अभ्यासक मानतात. याचाही पुरावा महाराष्ट्रात आहे. मुंबईत वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये साचलेल्या गाळात, इवल्याशा बेडकांचे सांगाडे मिळाले. त्यांचं वर्णन १८४७ साली केलं ते पुन्हा ओवेन यांनीच. एक थर लाव्हाचा आला, थंड झाला, त्यावर पाणी साचलं आणि बेडूक आले. पुढचा थर येईपर्यंत त्यांनी संसार केला. डायनोसॉर ज्या काळात गेले, त्या काळाच्या आसपासची ही गोष्ट.

विहिरीचं उत्तर

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. आमच्या विहिरीत मांगलीसारखी कवटी सापडेल का? नाही. आमचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. तो वाहू लागला तेव्हा हे प्राणी संपून कित्येक कोटी वर्षं झाली होती. मग दगडाच्या खाली? ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी जमिनीत खोल छिद्र घेतलं होतं. ३३८ मीटरपर्यंत काळा दगड लागला. त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा थर आणि मग थेट अतिप्राचीन कठीण खडक, जनावरं जन्मायच्याही आधीचा. मधल्या काळाची, म्हणजे मांगली-मालेरीच्या काळाची पानं तिथे सापडली नाहीत.

तिला हे सांगितलं तेव्हा ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, ‘‘पण बेडूक तर आहेत ना?’’

आहेत, पण किती? माझ्या लहानपणी पहिला मोठा पाऊस झाला की हळदीसारखे पिवळे झालेले नर बेडूक ओढ्याकाठी रात्रभर ओरडत. ऋग्वेदात बेडकांवर एक अख्खं सूक्त आहे, हे कॉलेजात कळलं तेव्हा मला नवल वाटलं नव्हतं. आमच्याकडे पाऊस लांबला की पोरं धोंडी काढत. अंगाला लिंबाचा पाला, मुसळाला बांधलेला बेडूक आणि दारोदारी पाणी. हिंदूंची पोरं, आमची पोरं, सगळी त्यात असत. घरी आलो की दादी रागवायची, ‘‘बेडकाला त्रास देऊ नये, मारू तर नयेच.’’ दोन्ही गोष्टींत बेडूक महत्त्वाचा होता.

आता जुन्या विहिरी बुजल्या, काहींत कचरा गेला. पाणी बोअरमधून येतं आणि बोअरमध्ये बेडूक राहत नाही. अंड्यापासून बेडूक होईपर्यंत काही आठवडे टिकणारं साधं डबकं त्याला लागतं. तेवढंही आपण ठेवत नाही. १९८७ साली आपल्या देशानं बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, ते चांगलं झालं. तरीही २०२३च्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या दर शंभर जातींपैकी ४१ जाती संकटात आहेत. ज्या वंशानं लाव्हा सोसला, तो आपला शेजार सोसू शकत नाही.

म्हणून दोन विनंत्या. विदर्भातल्या श्रोत्यांना एक. विहीर खणताना, खाणीत, रस्त्याच्या कामावर हाडासारखा किंवा दातासारखा दगड दिसला तर फोडू नका. जागा लक्षात ठेवा आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या कार्यालयाला कळवा. आणि आमच्या भागातल्या मंडळींना दुसरी. शेताच्या कडेचं एखादं डबकं, एखादी जुनी विहीर बुजवण्याआधी एक पावसाळा थांबून तिथे रात्री कान देऊन पाहा.

आमच्या विहिरीचा गाळ निघाला. त्या वर्षी मृगाचे चार थेंब पडले आणि पाऊस गेला. पुढे जुलैत एकदा रात्री जोराचा झाला. सकाळी ती पोर मला हाताला धरून विहिरीवर घेऊन गेली. पायरीवर एकच बेडूक बसला होता, डोळे वर करून, अगदी निश्चल. आम्ही दोघं बराच वेळ तिथे बसलो. तोही बसून राहिला.